ट्रस्टकडे दोन कोटी, मग वाचनालयाला चाळीस हजारच का?

मार्च संपला की गावोगावच्या मंडळांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक पीडीएफ फिरायला लागते. अमक्या चॅरिटेबल ट्रस्टचे यंदाचे अनुदान, पात्र संस्थांनी अर्ज करावेत, शेवटची तारीख अमुक. वाचनालयाचे छप्पर गळत असते, फुटबॉल क्लबच्या पोरांना बूट हवे असतात, भजनी मंडळाच्या पखवाजाची पुडी फाटलेली असते. कोणीतरी लेटरहेडवर अर्ज लिहितो. दोन महिने काही कळत नाही. मग एक तर ‘निधीअभावी विचार करता आला नाही’ असे पत्र येते, नाही तर मागितलेल्या दोन लाखांचे चाळीस हजार होऊन येतात. त्यातच कुणीतरी त्या ट्रस्टचा ताळेबंद पाहून आलेला असतो. ‘दोन कोटी ठेवून बसलेत बँकेत, आणि आम्हाला चाळीस हजार!’

गोव्यात हा गोंधळ जरा जास्तच, कारण गावच्या कामाला पैसा येण्याच्या वाटा इथे बऱ्याच आहेत. कोमुनिदाद, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीची संस्था आहे, देवस्थानचे महाजन आहेत, उद्योग घराण्यांचे ट्रस्ट आहेत, कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामांसाठीचा पैसा आहे, खाणपट्ट्यात डीएमएफ, म्हणजे जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे, शिवाय परदेशी गेलेली माणसे पाठवतात तो पैसा. प्रत्येकाला कायदा वेगळा आणि त्या पैशावर तुमचा हक्क किती, हेही वेगळे. कुणाकडे, कशासाठी, किती मागायचे हे त्या फरकावर ठरते.

दोन कोटींतले खर्चायचे किती?

ट्रस्ट म्हणजे कुणीतरी आपली मालमत्ता एका ठरावीक कामासाठी कायमची बाजूला काढलेली असते. ती सांभाळणारे ते विश्वस्त. ते मालक नव्हेत. काम कोणते, भाग कोणता, लाभ कुणाला, हे ट्रस्ट डीडमध्ये लिहिलेले असते आणि विश्वस्त त्याला बांधलेले असतात. डीडमध्ये ‘शिक्षण आणि आरोग्य’ एवढेच असेल तर अध्यक्षांना नाटकाची कितीही आवड असो, नाट्यमंडळाच्या पडद्याला पैसे देता येत नाहीत.

ताळेबंदात दिसणारे ते दोन कोटी बहुतेक वेळा कॉर्पस असतात, म्हणजे कायम निधी. देणाऱ्याने ‘हा पैसा मुद्दल म्हणून राखा’ असे लिहून दिलेले असते. कुळागरातले माड आणि पाडेली वर चढून उतरवतो ते नारळ, असा हा हिशोब आहे. वर्षाचा खर्च नारळांवर भागवायचा, माडाला हात लावायचा नाही. आयकराचे नियमही तेच सांगतात. कॉर्पस म्हणून मिळालेल्या देणगीवर कर नाही, पण ती सरकारी रोखे, बँकेतल्या ठेवी अशा ठरवून दिलेल्या ठिकाणीच गुंतवावी लागते. शिवाय ते मुद्दल मोडून अनुदान वाटले तर ती रक्कम वर्षाच्या धर्मादाय खर्चात धरली जात नाही.

आता आकडे घालून पाहू. समजा, दोन कोटी ७ टक्क्यांनी मुदत ठेवीत आहेत. वर्षाचे व्याज १४ लाख. करातून सूट हवी असेल तर उत्पन्नाच्या किमान ८५ टक्के रक्कम त्याच वर्षात ट्रस्टच्या उद्दिष्टांवर खर्ची पडली पाहिजे, म्हणजे ११ लाख ९० हजार. यातच हिशोबनिसाचा पगार, ऑडिट, ऑफिसचे भाडे आले. त्याला १ लाख ९० हजार गेले असे धरा, उरले दहा लाख. अर्ज पंचवीस संस्थांचे मान्य झाले तर प्रत्येकी चाळीस हजार. यात कंजूषपणा कुठेच नाही, निव्वळ भागाकार आहे. तालुक्यातले सगळे ट्रस्ट एकत्र केले तरी या भागाकारातून गावाची मोठी कामे निघत नाहीत, हे मनात ठेवलेले बरे.

नवा आयकर कायदा २०२५ चा आहे आणि तो १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलले, म्हणून जुन्या पत्रकांवरचे १२ए (ट्रस्टच्या करसुटीची नोंदणी), ८०जी (देणगीदाराला करसवलत देणारी नोंदणी) वगैरे उल्लेख आता जुने वाटतील. ८५ टक्क्यांची चौकट तशीच राहिली आहे.

मग पंधरा टक्के तरी का राखायचे?

महागाईमुळे. किमती दर वर्षी ५ टक्क्यांनी वाढल्या तर साधारण चौदा वर्षांत दुप्पट होतात. सगळे व्याज दर वर्षी वाटून टाकले तर कागदावर दोन कोटी तसेच राहतात, पण त्यातून निघणाऱ्या अनुदानात आज जेवढी पुस्तके येतात त्याच्या निम्मीच तेव्हा येतील. मागे ठेवलेले पंधरा टक्के मुद्दलात गेले तर ही झीज काही प्रमाणात भरून निघते.

याहून जास्त राखायचे असेल तर ट्रस्टला कारण लिहून आयकर खात्याला कळवावे लागते आणि तो पैसा पाच वर्षांच्या आत त्याच कामाला लावावा लागतो. हॉस्पिटलची इमारत, शाळेची बस अशा कामांसाठी हे योग्यच आहे. पण वर्षामागून वर्षे ‘पुढील प्रकल्पासाठी’ म्हणून रक्कम राखली जाते आणि प्रकल्पाचे नाव कुणालाच सांगता येत नाही, तिथे प्रश्न विचारायला संकोच करू नये. ‘दोन कोटी का ठेवलेत’ हा प्रश्न चुकीचा आहे. ‘या वर्षीचे राखलेले अमुक लाख कशासाठी’ हा बरोबर.

झोण मिळते, तसे अनुदान मिळत नाही

गोव्यातल्या माणसाला एक गोष्ट पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. कोमुनिदादीची जमीन गावकारांची, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांची सामाईक. शेतांचे, खाजनांचे (खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेल्या जमिनींचे) उत्पन्न यायचे, त्यातून बांध, मानशी (पाण्याची दारे), देवळाचा खर्च निघायचा आणि उरेल ते गावकारांत झोण म्हणून वाटले जायचे. आजही कोमुनिदादी १९६१ च्या संहितेखाली चालतात. गावकाराचे नाव नोंदीत असेल तर झोण त्याच्या हक्काचे आहे, त्याला अर्ज करून कुणाच्या पाया पडावे लागत नाही.

चॅरिटेबल ट्रस्टचे अनुदान मागताना आपण नकळत तीच भाषा वापरतो. ‘गेल्या वर्षी दिले, यंदा का नाही?’, ‘शेजारच्या वाड्याला मिळाले, आमचा वाटा कुठे?’ पण इथे लाभार्थी ठरलेला नसतो. ट्रस्ट साऱ्या समाजासाठी, म्हणून त्यावर कुणा एका मंडळाचा हक्क नाही. नकाराविरुद्ध दाद मागायला सहसा जागाही नसते. उलट एकाच मंडळाला दर वर्षी न चुकता पैसे जात असतील तर ते ऑडिटरच्या नजरेत भरू शकते, आणि विश्वस्ताच्या नातेवाइकाचा त्यात लाभ निघाला तर ट्रस्टची करसूटच धोक्यात येते.

‘चाळीस वर्षे काम करतोय, आमच्याकडे कागद कसले मागता?’

हा आक्षेप मला सगळ्यात जवळचा वाटतो. वाडीवरचे महिला मंडळ किंवा जत्रेला नाटक करणारे मंडळ वर्षानुवर्षे वहीवर आणि विश्वासावर चालते. ट्रस्टचा फॉर्म मात्र नोंदणीचे प्रमाणपत्र, संस्थेचे पॅन, संस्थेच्या नावाचे बँक खाते, तीन वर्षांचे ऑडिट, कामाचे कोटेशन, कार्यकारिणीचा ठराव असे सगळे मागतो. खजिनदाराच्या खासगी खात्यात पैसे घ्यायची सवय असलेल्या मंडळाला हा अविश्वास वाटतो.

ट्रस्टची बाजू अशी. त्याने दिलेला पैसा धर्मादाय कामालाच लागला, हे सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर असते. दुसऱ्या नोंदणीकृत ट्रस्टला दिलेले अनुदान तर पूर्ण मोजलेही जात नाही. २०२३ च्या वित्त कायद्यापासून एक लाख दिले तर हिशोबात ८५ हजारच धरतात. तेच लाख रुपयांचे काम ट्रस्टने स्वतः केले, स्वतः पुस्तके विकत घेऊन वाचनालयाला दिली, तर पूर्ण लाख मोजले जातात. काही ट्रस्ट रोकड न देता थेट दुकानदाराच्या नावाने चेक काढतात, त्यामागे हेही एक कारण असू शकते. ‘आमच्या कायम निधीत भर घाला’ असे मागणे तर अगदीच फुकट जाते. एका ट्रस्टने दुसऱ्याच्या कॉर्पसला दिलेली रक्कम खर्च म्हणून धरलीच जात नाही.

अडते ते बारीकसारीक ठिकाणी. छपराचे वासे, रिपा बदलायच्या, मंगळुरी कौले नवी घालायची. काम करणार गावातला सुतार. त्याच्याकडे छापील बिलबुक नाही, जीएसटी क्रमांक नाही. ट्रस्ट म्हणतो पक्के बिल द्या. सुतार म्हणतो, पक्के म्हणजे काय? वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर अशा कामाला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. नाव, पत्ता, तारीख, कामाचे वर्णन, मजुरी आणि सामान वेगळे दाखवलेले, खाली सही, असे साधे बिल लिहून घ्या, पैसे बँकेतून द्या आणि ‘नोंदणीची गरज नाही’ ही ओळ बिलावरच टाका. हे चालेल का, ते काम सुरू करण्यापूर्वी ट्रस्टला लेखी विचारून घ्या. रोख तर जपूनच. एकाच दिवशी एकाला १० हजारांवर रोख दिले तर नोंदणीकृत ट्रस्टच्या हिशोबात तो खर्च मान्य होत नाही.

शेवटी येते ते युटिलायझेशन सर्टिफिकेट, सगळे ज्याला यूसी म्हणतात. मिळालेली रक्कम कशी खर्च झाली याचा सहीशिक्क्याचा दाखला, सोबत बिले आणि फोटो. कामाआधीचे फोटो काढायचे बहुतेकांकडून राहूनच जाते. नवे छप्पर दिसते, जुने कसे होते याचा पुरावा नाही! पैसे उरले तर परत करायचे किंवा वळवायची परवानगी घ्यायची. उरलेल्या चार हजारांत चहापाणी उरकून टाकले की पुढच्या वर्षीचा अर्ज तिथेच बाद.

तरीही माझे मत असे की पाच-दहा हजारांच्या अनुदानाला पाच लाखांच्या अनुदानाइतकेच कागद मागणारे ट्रस्ट आपलाच हेतू मारतात. तीन वर्षांच्या ऑडिटची सीएची फी अनुदानातूनच जायची असेल तर त्या अनुदानाला काय अर्थ? लहान रकमेसाठी पंचायतीचा दाखला आणि बिले पुरेशी मानायला हरकत नसावी.

पावसाळा कुणाच्या वेळापत्रकात नसतो

आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. अर्ज मे महिन्यात, छाननी जूनमध्ये, मंजुरीचे पत्र जुलैत. कौले काढायला यापेक्षा वाईट मुहूर्त नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, त्या पंधरवड्यात सुतार, गवंडी, वायरमन कुणी हाताला लागत नाही. पाऊस ओसरेपर्यंत ऑक्टोबर उजाडतो. पुढे जत्रा, नाटके सुरू. मग फेब्रुवारीत ट्रस्टचा फोन येतो, ‘यूसी पाठवा, मार्च एंड आहे.’ बारा महिन्यांच्या अनुदानाला गोव्यात कामाचे महिने पाच, आणि कोटेशन मे महिन्यातले असल्याने भावही वाढलेले.

उपाय साधा आहे. अर्जातच दोन टप्पे लिहा. पुस्तके, कपाट, क्रीडा साहित्य अशी खरेदी पावसाळ्यात आणि बांधकाम नोव्हेंबर ते जानेवारी. कोटेशनवर ‘भाव अमुक तारखेपर्यंत’ असे दुकानदाराकडून लिहून घ्या.

कंपनीचा पैसा असेल तर

ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी यांपैकी एकही आकडा गाठतो, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्चावी लागते. २०१३ च्या कंपनी कायद्यातली ही तरतूद २०१४ पासून लागू झाली. इथे कॉर्पस नाही, कंपनीचा नफा घटला की सीएसआरही घटतो. गावातल्या मंडळाला हा पैसा थेट मिळणेही अवघड, कारण काम करणाऱ्या संस्थेकडे आयकराच्या वर सांगितलेल्या दोन्ही नोंदण्या (करसुटीची आणि देणगीदाराच्या सवलतीची) आणि कंपनी निबंधकाकडचा सीएसआर-१ क्रमांक लागतो. असा क्रमांक असलेल्या मोठ्या संस्थेमार्फत जाणे हाच मार्ग.

‘ओळखीच्यांनाच मिळते’

कधी कधी खरे असते. विश्वस्त मंडळात पाच-सात माणसे, त्यातले दोघे एकाच गावचे, हे गोव्याएवढ्या लहान राज्यात होणारच. आणि खासगी ट्रस्टला माहिती अधिकार सहसा लागू होत नाही. सरकारच्या मोठ्या निधीवर चालणारी संस्था असेल तर गोष्ट वेगळी. एरवी तुम्ही हक्काने यादी मागू शकत नाही.

पण दबाव आणता येतो. किती अर्ज आले, किती मान्य झाले, तालुकावार किती रक्कम गेली आणि नकाराचे कारण एका ओळीत, एवढे जाहीर करायला ट्रस्टला खर्च शून्य आहे. जे ट्रस्ट हे करतात त्यांच्याबद्दल कुजबुज कमी होते. जे करत नाहीत त्यांनी कुजबुजीबद्दल तक्रार करू नये.

खाणीच्या पैशाला अर्ज नव्हे, ठराव लागतो

डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे, केपे इथल्या वाचकांसाठी हा भाग महत्त्वाचा. जिल्हा खनिज प्रतिष्ठान, म्हणजे डीएमएफ, हाही ना-नफा ट्रस्टच, पण दानातून जन्मलेला नाही. २०१५ मध्ये खाण कायद्यात दुरुस्ती होऊन तो आला. खाणकामाने बाधित झालेली माणसे आणि प्रदेश यांच्या हितासाठी तो आहे, असे कायदाच म्हणतो. इथे तुम्ही दान मागत नाही. तुमच्या विहिरी आटल्या, शेतात गाळ आला, रस्त्यावर धूळ बसली, त्याची ही भरपाई आहे.

पैसा येतो तो रॉयल्टीच्या, म्हणजे खनिज काढल्याबद्दल सरकारला द्यायच्या रकमेच्या हिशोबाने. लोहखनिजावर सरासरी विक्री किमतीच्या १५ टक्के रॉयल्टी आहे. समजा, टनाची किंमत २,००० रुपये, तर रॉयल्टी ३००. जुन्या लीजवर डीएमएफचा वाटा रॉयल्टीच्या ३० टक्के, म्हणजे टनामागे ९० रुपये. १२ जानेवारी २०१५ नंतर लिलावाने दिलेल्या लीजवर १० टक्के, म्हणजे ३० रुपये. गोव्यातल्या ८८ लीज सुप्रीम कोर्टाने ७ फेब्रुवारी २०१८ च्या निवाड्याने रद्द ठरवल्या आणि १६ मार्च २०१८ पासून तिथले खाणकाम थांबले. पुढचे ब्लॉक लिलावाने गेले. म्हणजे ट्रक पुन्हा धावू लागले तरी तेवढ्याच खनिजावर आणि त्याच भावाला बाधित गावांच्या ट्रस्टमध्ये जुन्या दराच्या एक तृतीयांशच पैसा येणार. लिलावाचा प्रीमियम राज्य सरकारला मिळतो, तो गावाच्या खात्यात आपोआप येत नाही. हा फरक पंचायतींच्या बैठकांत बोलला जायला हवा.

खर्चाचे नियम प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजनेत आहेत. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनुसार किमान ७० टक्के रक्कम पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण, रोजगार अशा अग्रक्रमाच्या कामांवर गेली पाहिजे. पूर्वी हे प्रमाण ६० होते. खाणीपासून १५ किलोमीटरपर्यंतचा भाग थेट बाधित, २५ पर्यंतचा अप्रत्यक्ष. प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या आत. जिल्हाधिकारी या ट्रस्टच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष असतात आणि वार्षिक अहवाल विधानसभेपुढे ठेवून संकेतस्थळावरही टाकायचा असतो. माहिती अधिकारही चालतो. म्हणून लेटरहेडवरच्या विनंतीपेक्षा ग्रामसभेचा ठराव, सोबत पाण्याच्या तपासणीचा अहवाल आणि सर्व्हे क्रमांक, याला इथे जास्त वजन.

याच्याशी आणखी एका निधीची गल्लत होते. २१ एप्रिल २०१४ च्या निवाड्यात सुप्रीम कोर्टाने खनिज विक्रीच्या १० टक्के रक्कम एका कायमस्वरूपी निधीत घालायला सांगितले. तो पुढच्या पिढ्यांसाठी आहे, तुमच्या वाडीच्या टाकीसाठी त्यातून मागता येणार नाही.

स्विंडनचा भाचा पैसे पाठवतो तेव्हा

परदेशातला पैसा हा बऱ्याच मंडळांचा आधार. चवथीच्या आरत्यांना लाइटिंग, शाळेला पंखे, क्लबला जर्सी. इथे पासपोर्ट कुठला, यावर सगळे ठरते. दुबईत नोकरीला असलेला, भारतीय नागरिकत्व राखलेला माणूस स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देणगी देतो तेव्हा तो पैसा ‘विदेशी देणगी’ ठरत नाही. पण पोर्तुगीज नागरिकत्व घेऊन इंग्लंडला स्विंडनमध्ये गेलेला त्याचाच सख्खा भाऊ तीच रक्कम पाठवतो, तेव्हा ती विदेशी देणगी ठरते. परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसांना मिळणारे ओसीआय कार्ड असले तरी ठरते. सुट्टीवर घरी येऊन रुपयांत दिली तरी ठरते.

अशा देणगीसाठी संस्थेची एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगीच्या कायद्याखालची नोंदणी किंवा आगाऊ परवानगी लागते. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षे जुनी असावी आणि त्या काळात तिने १५ लाख रुपये मूळ कामावर खर्च केलेले असावेत. पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यात येतो. आणि २०२० च्या दुरुस्तीपासून एका संस्थेला मिळालेली विदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, म्हणून ‘मोठ्या ट्रस्टकडे पाठवा, ते आम्हाला देतील’ हीही वाट बंद आहे. तो ट्रस्ट गावात स्वतः काम करून देऊ शकतो, एवढेच. भाच्याला फोन करताना आधी पासपोर्टचा रंग विचारावा लागतो, हे ऐकायला विचित्र वाटेल, पण खजिनदारांनी पावती फाडण्यापूर्वी ते विचारावेच.